डिपेन्डन्सीच्या एरर: आधी जुना प्रोजेक्ट जसाच्या तसा उभा करा

तुमचा प्रश्न डिपेन्डन्सीचा, म्हणजे प्रोजेक्ट ज्या तयार पॅकेजांवर उभा असतो त्यांचा, आणि थोडक्यात असा. लातूरच्या एका आडत दुकानासाठी २०२१ मध्ये बनवलेलं पट्टी-हिशोबाचं ॲप (पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीची पावती) तुमच्याकडे आलंय. समोर, म्हणजे स्क्रीनच्या बाजूला, रिॲक्ट १७ आणि मटेरियल यूआय ४ (तयार बटणं-फॉर्मचा संच), मागे सर्व्हरला पायथनचं फ्लास्क. बनवणारा पुण्याला गेला आणि आता फोन उचलत नाही. तुमच्या नव्या लॅपटॉपवर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) २२ आहे. पॅकेजं आणून बसवणारं 'एनपीएम इन्स्टॉल' केलं तर ते नोड-सासवर (स्टाइलच्या फाइली सीएसएसमध्ये बदलणारं पॅकेज) अडलं. पायथन टाकलं, व्हिज्युअल स्टुडिओची बिल्ड टूल्स हॉटस्पॉटवरून उतरवली, तरी अडलं. मग नोड-सास काढून सास टाकलं, लॉक फाइल डिलीट केली, रिॲक्ट लेटेस्ट केलं, तर 'ई-रिझॉल्व्ह' (आवृत्त्या जुळत नाहीत) आलं. ते '--लेगसी-पीअर-डेप्स' लावून गेलं. सुरू करताना 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड' आलं, त्यावर ओपन-एसएसएलचा लेगसी पर्याय लावला. आता स्क्रीन पांढरी आहे आणि कन्सोलमध्ये 'रिॲक्टडॉम डॉट रेंडर इज नॉट अ फंक्शन' दिसतंय. फ्लास्कही उठत नाही. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढेल, त्याआधी दुकानात हे चालू हवंय.

तुम्ही केलेला प्रत्येक उपाय इंटरनेटवर कुणाला तरी लागू पडलेलाच आहे. पण प्रत्येकाने तुमच्या प्रोजेक्टचा एकेक तुकडा २०२१ मधून उचलून आजच्या काळात आणला, बाकीचे मागेच राहिले. रिॲक्ट १९ डिसेंबर २०२४ चं, त्याला टेकून उभं राहू पाहणारं मटेरियल यूआय ४ त्याच्या कितीतरी आधीचं, आणि ॲपचा कोड एकत्र बांधणारं वेबपॅक ४ त्याहून जुनं. म्हणून आता कोणती एरर सोडवायची हा प्रश्न बाजूला ठेवा. सगळं मागे घ्या, प्रोजेक्ट ज्या काळात चालत होता त्या काळात परत न्या, तिथे तो चालताना डोळ्यांनी बघा, आणि मगच एकेक पाऊल पुढे टाका. संभाजीनगरात आमच्याकडे असे वारसाने आलेले प्रोजेक्ट सतत येतात, आणि हा क्रम मी कधीच मोडू देत नाही.

लॉक फाइल परत मिळवणं हे पहिलं काम. पॅकेज डॉट जेसनमध्ये काय लिहिलेलं असतं? '^४.११.०', म्हणजे ४.११.० किंवा त्याच्या पुढचं काहीही, फक्त ५ च्या आत. तो तोंडी ठरलेला सौदा आहे. लॉक फाइल म्हणजे पट्टी: नेमकं कोणतं पॅकेज, कोणती आवृत्ती, कुठून आलं, आणि त्याचा हॅश (फाइलीची ठशासारखी खूण) काय. तुम्ही डिलीट केली ती पट्टी. प्रोजेक्ट गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) असेल तर काळजी नको. 'गिट लॉग -- पॅकेज-लॉक डॉट जेसन' चालवा, शेवटची चांगली कमिट (नोंदवलेली अवस्था) बघा, आणि त्या कमिटमधून पॅकेज डॉट जेसन आणि लॉक, दोन्ही फाइली एकत्र परत आणा. एकट्या लॉकचा उपयोग नाही, कारण पॅकेज डॉट जेसन तुम्ही बदललंय. दोन्ही जुळत नसतील तर लॉकप्रमाणेच बसवणारं 'एनपीएम सीआय' तिथेच थांबतं, आणि ते थांबतं हेच चांगलं.

लॉक हातात आली की उघडून वरच्या काही ओळी वाचा. तिथे 'लॉकफाइल-व्हर्जन' असतं. १ असेल तर ती एनपीएम ५ किंवा ६ ने लिहिली, म्हणजे नोड १४ किंवा त्याआधीचं. २ असेल तर एनपीएम ७ किंवा ८. ३ असेल तर ९ च्या पुढचं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये नोड-सास ४ आणि रिॲक्ट-स्क्रिप्ट्स ४.०.३ (वेबपॅक ४ वापरून ॲप बांधणारा संच) आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा तिथे १ सापडेल असा माझा कयास आहे. मूळ लेखकाने नोडची आवृत्ती कुठेही लिहून ठेवली नसली तरी हा आकडा ती बऱ्यापैकी सांगून जातो.

आता नोड-सासचं. तुम्ही काही जीबी डेटा घालवलात तो इथेच, म्हणून हे जरा नीट समजून घ्या. नोड-सासच्या आत सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेला भाग आहे. इन्स्टॉल होताना ते आधी तुमच्या नोडच्या आवृत्तीसाठी तयार केलेली बायनरी शोधतं. नोड-सास ४.१४ साठी अशा बायनरी नोड १४ पर्यंतच आहेत. नोड २२ साठी ती सापडत नाही, म्हणून ते स्वतः कंपाइल करायला बसतं आणि त्यासाठी नोड-जिप या साधनाला बोलावतं. तेही जुनं, त्याला पायथन २.७ लागतं. तुम्ही टाकलेलं पायथन ३ बघून ते नकार देतं, आणि तुम्हाला वाटतं की पायथन नीट बसलं नाही. लॉगमध्ये शेवटच्या दहा ओळी वाचल्या तर पायथनच दोषी दिसतं. वर चढत गेलात तर 'कॅनॉट डाउनलोड' आणि ४०४ दिसेल. खरी गोष्ट तिथे आहे. नोड १४ वर हीच बायनरी चटकन उतरते, कंपाइलरची गरजच पडत नाही.

म्हणून एनव्हीएम, म्हणजे नोडच्या आवृत्त्या बदलून देणारं साधन, टाका (विंडोजसाठी एनव्हीएम-विंडोज वेगळं आहे), 'एनव्हीएम इन्स्टॉल १४.२१.३', मग 'एनव्हीएम यूज १४.२१.३'. नोड मॉड्यूल्सचा फोल्डर काढा, लॉक ठेवा, आणि 'एनपीएम सीआय'. इन्स्टॉल नव्हे, सीआय. इन्स्टॉल लॉक बदलू शकतं. सीआय लॉकमध्ये आहे तेवढंच आणि तसंच आणतं. ओपन-एसएसएलचा जो पर्याय एन्व्हायर्नमेंटमध्ये लावलाय तो काढून टाका. ती एरर नोड १७ पासून ओपन-एसएसएल ३ आल्यामुळे येते, कारण वेबपॅक ४ एमडी४ नावाचा जुना हॅश वापरतं. नोड १४ वर ती यायचं कारणच नाही, उलट तो पर्याय राहिला तर जुनं नोड त्याच्यावरच अडून बसेल.

नोड १४ चा सपोर्ट एप्रिल २०२३ मध्ये संपला, मग ते वापरणं धोक्याचं नाही का, असं विचाराल. सर्व्हरवर नोड चालत असतं तर मी नाही म्हटलं असतं. तुमच्याकडे नोड फक्त बिल्ड करण्यापुरतं आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर जातं ते तयार झालेलं साधं जावास्क्रिप्ट. एवढ्या सीझनपुरतं हे चालेल.

गिट नसेल, म्हणजे प्रोजेक्ट झिप करून पेन ड्राइव्हवर आला असेल, तर दोन वाटा आहेत. जुना कॉम्प्युटर किंवा सर्व्हर अजून चालू असेल तर तिथल्या नोड मॉड्यूल्सला हात लावू नका, त्या फोल्डरमध्ये 'एनपीएम श्रिंकरॅप' चालवा. बसलेल्या आवृत्त्यांवरून तो लॉकसारखीच फाइल लिहून देतो. तेही नसेल तर एनपीएममध्ये '--बिफोर' नावाचा पर्याय आहे, जो फार लोकांना माहीत नसतो. 'एनपीएम इन्स्टॉल --बिफोर=२०२१-०९-३०' म्हटलं की त्या तारखेपर्यंत प्रसिद्ध झालेल्याच आवृत्त्या धरल्या जातात. तारीख कशावरून घ्यायची? झिपमधल्या फाइलींच्या तारखांवरून, किंवा दुकानात ॲप पहिल्यांदा लागलं त्या महिन्यावरून. दुकानदाराला विचारा, पहिली पट्टी कधी निघाली ते त्याच्या वहीत सापडेल.

ई-रिझॉल्व्ह मात्र वाचायला शिकाच, कारण ती पुन्हा येणार. तुमच्या स्क्रीनवरच्या ओळी अशा होत्या:

फाउंड: रिॲक्ट १९
कुड नॉट रिझॉल्व्ह डिपेन्डन्सी:
पीअर रिॲक्ट "^१६.८.० || ^१७.०.०" फ्रॉम मटेरियल-यूआय कोअर ४.१२.४

पहिली ओळ सांगते, प्रोजेक्टमध्ये काय आहे. तिसरी सांगते, कोण काय मागतंय. मटेरियल यूआय म्हणतंय, मला रिॲक्ट १६.८ च्या पुढचं किंवा १७ द्या, आणि तुम्ही १९ समोर ठेवलंत. पीअर डिपेन्डन्सी म्हणजे ते पॅकेज रिॲक्ट स्वतःसोबत आणत नाही, तुमचंच वापरतं, म्हणून त्याला अट घालावी लागते. एनपीएम ६ अशा अटीवर फक्त पिवळी वॉर्निंग देऊन पुढे जायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये एनपीएम ७ आलं, तेव्हापासून पीअर आपोआप बसवले जातात आणि जुळत नसेल तर काम थांबतं. एनपीएम कडक झालं म्हणून लोक चिडले, पण आधीचं चित्र असं होतं की हाच विसंवाद महिनाभराने ग्राहकाच्या स्क्रीनवर उघड व्हायचा. तुमची पांढरी स्क्रीन त्याचाच नमुना. रिॲक्ट १९ मधून रिॲक्टडॉम डॉट रेंडर काढून टाकलंय. तुमचं २०२१ चं ॲप तेच वापरून सुरू होतं. लेगसी-पीअर-डेप्सने ती तक्रार फक्त इन्स्टॉलच्या वेळेवरून रनटाइमवर ढकलली.

हा पर्याय कधीच वापरू नये असं मी म्हणत नाही. एखाद्या छोट्या पॅकेजच्या लेखकाने '^१७' लिहून ठेवलंय आणि नंतर फिरकलाच नाही, कोड मात्र १८ वरही चालतो, असं सर्रास घडतं. तेव्हा त्या पॅकेजचा कोड किंवा इश्यू बघून खात्री करा आणि पॅकेज डॉट जेसनच्या 'ओव्हरराइड्स'मध्ये फक्त त्या एका पॅकेजपुरती सूट द्या. म्हणजे सूट कुठे दिली ते पुढच्या माणसाला दिसतं. फोर्स आणि लेगसी-पीअर-डेप्स सगळ्या प्रोजेक्टला एकदम सूट देतात.

कोण कुणाला मागतंय हे शोधायला 'एनपीएम एक्सप्लेन रिॲक्ट' आणि 'एनपीएम एलएस रिॲक्ट' हे दोन पुरेसे आहेत. पहिलं एनपीएम ७ पासून मिळतं, जुन्यावर एलएसच वापरा. एलएसमध्ये रिॲक्टच्या दोन वेगळ्या आवृत्त्या दिसल्या तर 'इनव्हॅलिड हुक कॉल' कुठून येतो ते तिथेच कळेल. नवीन पॅकेज घेण्याआधी 'एनपीएम व्ह्यू', पॅकेजचं नाव आणि 'पीअर-डिपेन्डन्सीज' एवढं टाइप करून बघितलं तर निम्मे अपघात टळतात.

आता फ्लास्क. तुमच्या रिक्वायरमेंट्समध्ये (पायथनच्या पॅकेजांची यादी) 'फ्लास्क==१.१.२' एवढीच ओळ आहे आणि एरर येते 'कॅनॉट इम्पोर्ट नेम एस्केप फ्रॉम जिंजा२'. फ्लास्कची आवृत्ती तर पक्की बांधलीय, मग काय बदललं? फ्लास्क १.१.२ ने त्याला लागणाऱ्या जिंजा२ (वेबपानं घडवणारं पॅकेज) साठी फक्त खालची मर्यादा लिहिली होती, २.१०.१ किंवा पुढचं. वरची मर्यादा नाही. मार्च २०२२ मध्ये जिंजा२ ३.१ आलं आणि त्यातून एस्केप गेलं. आज पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं आणणारं साधन, नवं जिंजा उतरवतं आणि जुनं फ्लास्क कोसळतं. जिंजा २ च्या मालिकेत मागे नेलंत तर पुढची एरर 'सॉफ्ट-युनिकोड', ती मार्कअपसेफ २.१ मुळे. ते नीट केलंत तर इट्सडेंजरसची तक्रार येऊ शकते, २.१ मधून त्याचं जेसन गेलंय. तुम्ही ज्या पॅकेजांची नावं कधी लिहिली नाहीत, ती तुमचं ॲप पाडताहेत. फक्त वरच्या थराची आवृत्ती बांधून भागत नाही ते यामुळेच.

एकेक एरर हाताने सोडवत बसू नका. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बॅकएंड अजून चालू आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे जा, त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये 'पिप फ्रीझ' चालवा, 'पायथन --व्हर्जन' बघा, आणि दोन्हींचं उत्तर फोटो न काढता फाइलमध्ये घेऊन या. ती यादीच तुमची लॉक. पायथनही त्याच आवृत्तीचं घ्या, बहुधा ३.८ किंवा ३.९ निघेल. एक्सेल रिपोर्टसाठी जुनं पांडास वापरलं असणार. त्याची तयार व्हील (आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज) पायथन ३.१२ साठी नसते, मग पिप सोर्सवरून बांधायला जातं आणि तुम्ही पुन्हा कंपाइलरच्या मागे लागाल. जुना कॉम्प्युटर बंद पडलाच असेल तर 'यूव्ही' हे साधन घ्या. त्यात '--एक्सक्लूड-न्यूअर' देऊन तारखेची तशीच मर्यादा घालता येते, आणि हवं ते पायथनही तेच आणून देतं.

सगळं व्हेन्व्हच्या (प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथन फोल्डरच्या) आत करा. नव्या उबुंटूवर बाहेर पिप चालवलं तर 'एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून अडवतं. त्यावर सिस्टिम पॅकेजेस मोडण्याची परवानगी देणारा पर्याय सुचवला जातो. तो वापरू नका, व्हेन्व्ह बनवा. शेवटी 'पिप चेक' चालवा, जुळत नसलेलं काही उरलं असेल तर तो सांगतो.

आणखी एक. 'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं की त्याच नावाने पिप इन्स्टॉल करायची सवय सोडा. इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव वेगळं असू शकतं: सीव्ही२ साठी ओपनसीव्ही-पायथन, यॅमलसाठी पाययॅमल, एसकेलर्नसाठी सायकिट-लर्न, पीआयएलसाठी पिलो. जवळपासच्या नावाने घातक पॅकेज टाकून ठेवणारे लोक आहेत, आणि एआयने सुचवलेलं नाव कधीकधी अस्तित्वातच नसतं, ते आधी कुणीतरी नोंदवून ठेवतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तर चॉक आणि डीबग यांसारख्या रोजच्या वापरातल्या एनपीएम पॅकेजांच्या देखभाल करणाऱ्याचं खातं फसवून घेतलं गेलं आणि घातक आवृत्त्या काही काळ रजिस्ट्रीवर होत्या. ज्यांनी त्या वेळात जुन्या लॉकवरून 'एनपीएम सीआय' चालवलं, त्यांच्याकडे त्या आल्या नाहीत. लॉक न ठेवता इन्स्टॉल करणाऱ्यांकडे येऊ शकत होत्या.

नेटवर्कचं वेगळं बघा. आपल्याकडे वीज जाते, राउटर बंद होतो, हॉटस्पॉटची रेंज मधेच सुटते, आणि इन्स्टॉल अर्धवट राहतं. 'ई-कॉन-रिसेट' किंवा 'ई-टाइम्ड-आउट' ही डिपेन्डन्सीची भांडणं नाहीत. पॅकेज डॉट जेसनला हात न लावता पुन्हा 'एनपीएम सीआय --प्रिफर-ऑफलाइन' करा, उतरलेलं कॅशमधून येईल. 'ई-इंटिग्रिटी' आलं तर आधी 'एनपीएम कॅश व्हेरिफाय'. तरी राहिलं तर त्या पॅकेजचा हॅश का बदलला ते शोधा, लॉकमधली हॅशची ओळ खोडून पुढे जाऊ नका. पायथनसाठी एकदा चांगल्या लाइनवर 'पिप डाउनलोड' करून सगळ्या व्हील पेन ड्राइव्हवर घ्या. दुकानात '--नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स' देऊन नेटशिवाय बसतात. पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम मात्र दोन्हीकडे तीच हवी.

कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर 'सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट' आलं तर 'स्ट्रिक्ट-एसएसएल फॉल्स' करू नका. तिथल्या ॲडमिनकडून सर्टिफिकेट मागून एनपीएमच्या 'सीए-फाइल' सेटिंगमध्ये द्या.

ॲप जुन्या रूपात चालू झालं, पट्टी निघाली, हमाली-तोलाई वजा होऊन आकडा जुन्या कॉम्प्युटरशी जुळला, की त्या क्षणी कमिट करा. नोडची आवृत्ती लिहिलेली एनव्हीएमआरसी फाइल, दोन्ही लॉक, पायथनची आवृत्ती, सगळं त्यात हवं. मग पुढे सरका, आणि एका कमिटमध्ये एकच बदल. सगळ्यात आधी नोड-सासच्या जागी सास आणा. ही तुमची कल्पना बरोबरच होती, नोड-सास ज्यावर उभं आहे ते लिबसास २०२० मध्येच निवृत्त झालंय. भागाकाराच्या चिन्हावर वॉर्निंग येतील, त्या आत्ता सोडा. रिॲक्टला या सीझनमध्ये हात लावू नका. तुमच्या कोडमध्ये मेकस्टाइल्स (मटेरियल यूआय ४ मधली स्टाइल लिहायची पद्धत) जागोजागी आहे आणि ते रिॲक्ट १८ बरोबर चालत नाही, म्हणजे ते काम स्टायलिंग नव्याने लिहिण्याचं आहे, आठवड्याभराचं नाही. दिवाळीनंतर आवक ओसरली की मटेरियल यूआय ५, मग रिॲक्ट १८.३ असा क्रम घ्या. १८.३ मध्ये १९ ला काय मोडेल त्याच्या वॉर्निंग दिसतात, त्या संपवूनच १९ कडे जा. क्रिएट-रिॲक्ट-ॲप, ज्याचा रिॲक्ट-स्क्रिप्ट्स हा भाग आहे, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे बंद केलंय, तेव्हा बिल्डसाठी व्हीट या दुसऱ्या साधनाकडे जाण्याचा विचारही त्याच वेळी करा.

'एनपीएम ऑडिट फिक्स --फोर्स' मात्र यात कुठेही बसत नाही. तो मेजर आवृत्त्या बदलतो, कधी मागेही नेतो, आणि तुम्ही मिळवलेली स्थिर जागा एका झटक्यात जाते. ऑडिटची यादी वाचा. बिल्डपुरत्या साधनांमधलं काय आणि ब्राउझरमध्ये जाणारं काय, ते वेगळं करा. दुसऱ्या गटातलं आधी बघा.

कुठे अडलात तर मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नका, त्यात नेमकी वरची ओळ कापली जाते. नोड, एनपीएम आणि पायथनच्या आवृत्त्या, पॅकेज डॉट जेसन, चालवलेली कमांड, आणि एनपीएमच्या लॉग फोल्डरमधली त्या रनची पूर्ण फाइल पाठवा. पाठवण्याआधी त्यात टोकन किंवा पासवर्ड नाही ना ते एकदा बघा. प्रोजेक्ट वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असेल तर आधी तिथून साध्या, स्पेस नसलेल्या पाथवर हलवा आणि मग पुन्हा चालवून बघा.